रॉबर्ट डुक्कर होतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही कादंबरी १९५४ सालची. ओसाड बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी पोरं, सोबत एकही मोठं माणूस नाही, पुढे त्यांची टोळी होते. एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. मी थेट माझ्या आवडीच्या प्रसंगाकडे वळते. आवडीच्या म्हणजे, छळणाऱ्या.

सातव्या प्रकरणात वाटेवर रानडुक्कर अंगावर येतं. राल्फ भाला फेकतो, तो नाकाडावर बसतो, डुक्कर पसार. हा राल्फ पोरांनी मत देऊन निवडलेला म्होरक्या, शेकोटी विझू देऊ नका म्हणणारा शहाणा मुलगा. आता तोच फुशारकी मारतोय. मग रॉबर्ट डुक्कर होऊन गुरगुरतो, बाकीचे रिंगण धरून भाले टोचतात. खेळ हं, खेळच! रॉबर्ट आधी खोटं खोटं ओरडतो, मग लागतं तसा खरंच ओरडतो. शिकारी पोरांचा म्होरक्या जॅक त्याचे केस धरून सुरी परजतो. एका ठेक्यात 'मारा, मारा'. आणि राल्फ? तोही आत घुसायला धडपडतोय, त्यालाही ते अंग ओरबाडायचंय. ऐकलंत ना? राल्फसुद्धा!

मग थांबतं. रॉबर्ट ढुंगण चोळत उठून बसतो. कुणी म्हणतो ढोल हवा. रॉबर्टच म्हणतो, डुक्कर खरं हवं, मारायला लागेल ना. जॅक म्हणतो, एखादं बारकं पोर घ्या की! सगळे हसतात.

विधी असा घडत गेला. कुणी ठरवला नाही, खेळता खेळता आला. पुढे बेटावर श्वापद आहे या भीतीनं डुकराचं मुंडकं काठीवर खोचून त्या श्वापदाला नैवेद्य म्हणून ठेवतात, तेही याच वाटेवरचं.

गोल्डिंग सॉल्झबरीत मास्तर होता, महायुद्धात नौदलात. मुलांवर मास्तरांनीच लिहावं, मानसशास्त्रज्ञांना मधली सुट्टी कुठे बघायला मिळते! फक्त विज्ञानात मास्तर नापास. पिगी या चष्मेवाल्या पोराला लांबचं दिसत नाही, म्हणजे चष्मा अंतर्गोल भिंगाचा. त्यानं उन्हात कागदसुद्धा पेटायचा नाही, आणि इथे पोरं त्यानं जाळ करतात. असो.

नवव्या प्रकरणात, वादळात, रिंगण पुन्हा धरलं जातं. डोंगरावरचं श्वापद म्हणजे पॅराशूटला अडकलेलं माणसाचं प्रेत आहे, हे सांगायला सायमन, त्यांच्यातलाच एक मुलगा, रानातून रांगत येतो आणि त्या रिंगणात सापडतो. ठेका तोच. रॉबर्ट उठून बसला होता, सायमन उठत नाही. सकाळी राल्फ म्हणतो, हा खून होता. पिगी म्हणतो, अपघात. सॅम आणि एरिक, ते जुळे, म्हणतात आम्ही दमलो होतो, लवकर निघालो. रिंगणात चौघंही होते.

नमस्कार.