व्याजदर रात्रीतून बदलतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

एक्सेलची फाइल उघडली की कधी कधी वर पिवळी पट्टी येते, ‘एनेबल कंटेंट’. आपण न वाचताच ती दाबून मोकळे होतो. त्या पट्टीचा अर्थ बहुतेक वेळा असा, की फाइलच्या पोटात मॅक्रो, म्हणजे एक्सेलनं आपणहून करायच्या कामांच्या लिहून ठेवलेल्या सूचना आहेत.

ओळखीच्या एका पतसंस्थेतल्या ताईंचा फोन आला. “सर, ठेवीचा दर साडेआठ करून सेव्ह करते, सकाळी उघडते तर पुन्हा नऊ! तीन दिवस झाले.” शाखेत कुजबुज सुरू झाली होती. संध्याकाळी कुलूप लावणाऱ्या शिपाईमामांवर संशय!

मी गेलो. ऑल्ट आणि एफ आठ दाबलं. मॅक्रोंची यादी रिकामी. पण ‘प्रायव्हेट’ अशी खूण करून लिहिलेले मॅक्रो त्या यादीत येतच नाहीत. म्हणून ऑल्ट आणि एफ अकरा. मॅक्रो लिहायचा एडिटर उघडला. डावीकडे सगळ्या शीटची नावं, शेवटी ‘धिस वर्कबुक’. त्यावर दोनदा क्लिक केलं, आणि मॅक्रो सापडला! फाइल उघडताच ‘रेट’ शीटमधला शेवटचा आकडा उचलायचा, व्याजाच्या चौकटीत टाकायचा.

पण ‘रेट’ शीट होतं कुठे? खालच्या टॅबांत नाही, अनहाइडच्या यादीतही नाही. एडिटरच्या डाव्या यादीत मात्र होतं. एफ चार दाबलं, ‘व्हिजिबल’समोर ‘व्हेरी हिडन’. ते बदलताच शीट समोर आलं. निवृत्त झालेल्या लेखापालांनी वर्षवार दर लिहिले होते, प्रत्येकासमोर ठरावाचा क्रमांक. दराला चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून केलेली सोय. ताईंनी नऊच्या खाली साडेआठ लिहिलं, आणि मामांना स्वतः चहा नेऊन दिला.

आपल्याकडे चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या मोजून देतात, शिक्केसुद्धा मोजतात. फाइलमध्ये काय बसवलंय ते मात्र कुणी लिहून देत नाही. हे लेखी हवंच, असं मी प्रत्येक संस्थेत सांगतो.

लपलेलं सगळंच असं भल्यासाठी नसतं. 1996 साली ‘लारू’ नावाचा एक्सेलचा व्हायरस असाच लपवलेल्या शीटमध्ये बसून फाइलींतून पसरला. म्हणून अनोळखी फाइल आली तर पिवळी पट्टी दाबू नका. आणि पुन्हा सांगतो, एफ आठची यादी रिकामी दिसली म्हणून थांबू नका. ऑल्ट आणि एफ अकरा, मग ‘धिस वर्कबुक’. तिथं पासवर्ड मागितला, तर फाइल बनवणाऱ्यालाच फोन लावा.