कठडा वाढला, पाणी उतरलं

नमस्कार, श्रोतेहो. पाणी वाचवण्यात सरकारी खात्यांनी एकमेकांशी कसं जुळवून घ्यावं, पाण्याच्या नोंदी कशा ठेवाव्यात, यावर बोला असं मला सांगितलंय. बोलतो. पण आधी मुरबाड तालुक्यातली एक विहीर.

नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. विहिरींची पातळी मोजायचं काम. कठड्यावरून टेप आत सोडायचा, पाण्याला लागला की आकडा लिहायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची. उरलं ते जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर. एका ऑक्टोबरात त्या विहिरीचं पाणी आदल्या वर्षापेक्षा दोन फूट खाली! आणि पाऊस तर धो धो झालेला. ऑफिसात चर्चा. कोणी म्हणे शेजाऱ्यानं बोअर मारली, कोणी म्हणे झरे बुजले. साहेबांनी मला पिटाळलं. कल्याणहून एसटी, पुढे तासभर चिखल. मालक खळं सारवत होते.

म्हटलं, "बाबा, विहिरीचं पाणी घटलंय का हो?"

"घटंल कशाला? दोन हात दोराला पाणी लागतंय."

मग जरा थांबून म्हणाले, "उन्हाळ्यात बोकड पडला होता आत. तवा कठडा वाढवला. दोन फूट."

जाऊन पाहिलं. खालचा कठडा शेवाळलेला, वरचं सिमेंट कोरं. आमच्या वहीत मात्र उंची जुनीच, आणि टेप सोडताना मीही वर पाहिलं नव्हतं. पाणी जागच्या जागी होतं. कठडा वाढला, आणि कागदावर पाणी उतरलं!

बोकडाचं काय झालं, विचारलं. "वाचला की. मग आखाडात कापला." साहेबांनी वहीत शेरा मारला: 'बोकडामुळे'.

आता ठाण्याचं बघा. आपल्या नळाला महापालिकेची स्वतःची योजना, 'स्टेम', एमआयडीसी आणि मुंबई महापालिका, अशा चौघांचं पाणी येतं. 'स्टेम' म्हणजे ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची भागीदारी. ती उल्हास नदीतून शहाडला पाणी उचलते, एमआयडीसी त्याच नदीतून जांभूळला. नदी एक, वह्या अनेक. नवी मुंबईचं मोरबे धरण तर रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात. (तळ्यांच्या या ठाण्यात तळं दिसणाऱ्या खिडकीचे जादा पैसे मोजतात, पण ते तळं यंदा किती भरलं हे कोणी विचारत नाही. असो.)

भूजलाचंही तेच. राज्याची यंत्रणा जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरात विहिरी मोजते, केंद्राची ऑगस्ट आणि नोव्हेंबरातही. महिने वेगळे, मोजणारे वेगळे. 2016 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पात केंद्र आणि राज्यांच्या अशा नोंदी एका जागी आणायचं काम हाती घेतलं गेलं. संगणकात आकडे ओतणं सोपं. पण मोजलं कुठून? कठड्यावरून की जमिनीवरून? पुन्हा सांगतो: कठड्यावरून की जमिनीवरून? हे प्रत्येक वहीत एकसारखं लिहिलेलं हवं, नाहीतर सगळ्या आकड्यांची खिचडी.

तेव्हा तुमच्या सोसायटीत जुनी विहीर असेल, आणि मुलं पडू नयेत म्हणून तुम्ही कठडा उंच केला असेल, तर टेप घेऊन येणाऱ्या माणसाला तेवढं सांगा. चहा दिलात तर उत्तम. नमस्कार.