केडगावचं मुक्ती मिशन आणि शारदा सदन: गल्लत नको!

नमस्कार मंडळी! पंडिता रमाबाईंवरचा छोटा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा आहे: "ताई, मुक्ती मिशन म्हणजेच शारदा सदन ना?" नाही हो, नाही! दोन्ही रमाबाईंनीच बायकांसाठी काढलेल्या, पण वेगवेगळ्या संस्था.

चरित्र पटकन उरकते, शाळेत झालंच असेल. जन्म १८५८, कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. झालं.

आता मुद्दा. मुंबईत ११ मार्च १८८९ ला उघडलं ते शारदा सदन. ती शाळा होती, उच्चवर्णीय विधवांसाठी. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा आणि धोरण धर्माबाबत तटस्थ राहायचं. सल्लागारांत रानडे, भांडारकर. सदन पुण्याला आलं आणि मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये गदारोळ झाला. 'केसरी'ने झोडपलं, सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

मुक्ती जन्मली दुष्काळातून. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळातच गेले होते, त्यामुळे १८९६ मध्ये मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून बाई घरात बसणं शक्यच नव्हतं. तिथून त्यांनी निराधार मुली-बायका आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध, एवढ्या जणींना शहरात ठेवणार कुठे? सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून केडगावला शेतजमीन घेतलेली होती. तिथे तंबू ठोकले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर आकडा दोन हजारांच्या घरात!

म्हणजे शारदा सदनात यायला आधी कुणीतरी आणून सोडणारं लागायचं. मुक्तीत ज्यांना कुणीच नाही त्या यायच्या, जात न विचारता. अजून पटत नाही? मग दुसऱ्या कमेंटकडे या: "बाया कर्वे मुक्तीत शिकल्या." अहो, बाया म्हणजे गोदूबाई, त्या शारदा सदनाच्या! धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं १८९३ मध्ये. तेव्हा मुक्ती होती कुठे?

"धर्मांतर व्हायचं का?" व्हायचं. मुक्ती उघड उघड ख्रिस्ती संस्था होती. ते लपवणारे आणि तेवढंच सांगणारे, दोघांचाही मला कंटाळा येतो. कारण मधलं सगळं राहूनच जातं: अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन, समाजाने 'पतित' ठरवलेल्यांसाठी कृपा सदन, शेती, विणकाम, छापखाना.

छापखान्यावर जरा थांबते. माझी मावशी कंपोझिटर होती, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारी. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, वर मराठीत काना-मात्रा-वेलांट्यांचा पसारा. नजर बसेपर्यंत डोकं भणभणतं म्हणायची. दुष्काळातून आलेल्या बायका हे काम शिकल्या, आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी जुळवून छापलं. रमाबाई गेल्या १९२२ मध्ये. संस्था आजही चालू आहे.

जाणाऱ्यांसाठी एकच: हे केडगाव दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं. मॅपवर नुसतं 'केडगाव' टाकलंत तर नगरजवळच्या केडगावात पोचाल, आणि मग कमेंटमध्ये मलाच बोलाल!