सवड सापडण्याची वाट पाहू नका

प्रिय बंधुभगिनींनो,

प्रेषितांच्या कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायात कैसरीया येथील एका भेटीचा वृत्तांत आहे. रोमी सुभेदार फेलिक्स आपल्या पत्नीसह बसला आहे आणि त्याने कैदेतल्या पौलाला बोलावून ख्रिस्तावरील विश्वासाविषयी बोलायला सांगितले आहे. ही पत्नी, द्रुसिल्ला, यहूदी होती. ज्या हेरोद राजाने प्रेषित याकोबाचा वध केला त्याचीच ती कन्या, आणि पहिल्या पतीला सोडून ती फेलिक्सकडे आली होती असे यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो. पौलाची सुटका या एका माणसाच्या हाती होती. दोन गोड शब्द बोलून त्याला आपले काम साधून घेता आले असते. परंतु पौल त्या दोघांपुढे नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय या तीन गोष्टींविषयी बोलला. लाच घेणाऱ्या अधिकाऱ्याला नीतिमत्त्व, दुसऱ्याची पत्नी घरात आणणाऱ्याला इंद्रियदमन आणि न्यायासनावर बसणाऱ्याला न्याय ऐकवला, म्हणजे जिथे दुखत होते नेमके तिथेच त्याने बोट ठेवले.

फेलिक्स भयभीत झाला. या पुस्तकाचा लेखक लूक हे स्पष्ट लिहितो, आणि मला वाटते की या प्रसंगातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, कारण त्या दिवशी देवाची हाक त्या माणसाच्या केवळ कानापर्यंत नव्हे, तर अंतःकरणापर्यंत पोहोचली होती. त्याने पौलाची थट्टा केली नाही, वादही घातला नाही आणि त्याला खोटा ठरवले नाही. आता जा, सवड सापडली म्हणजे तुला बोलावीन, एवढेच तो म्हणाला. नकाराचा एक शब्दही न उच्चारता त्याने देवाला परत पाठवले.

आता पुढचे वाक्य नीट ऐका, कारण आपण बहुधा इथेच थांबतो आणि फेलिक्सला ती सवड कधी मिळालीच नाही असे समजतो. ती त्याला मिळाली. तो पौलाला वारंवार बोलावून घेऊन त्याच्याशी संभाषण करीत असे, असे लूक सांगतो. पौलाकडून पैसे मिळतील अशी आशाही त्याच्या मनात होती. अशी दोन वर्षे गेली. बोलणारा तोच होता, संदेश तोच होता आणि संदेश देणारा देवही तोच होता. पण फेलिक्स पुन्हा भयभीत झाल्याची नोंद कोठेही नाही. दोन वर्षांनी पुर्क्य फेस्त त्याच्या जागी आला, आणि यहूद्यांची मर्जी राखण्यासाठी फेलिक्स पौलाला बंदीतच ठेवून निघून गेला.

संधी निघून जाते असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मृत्यू येतो. अचानक अपघात होईल, आजार येईल, श्वास थांबेल आणि वेळ संपेल. हे खरेच आहे आणि त्याचे भय बाळगणे शहाणपणाचे आहे. पण फेलिक्स मेला नव्हता. तो जिवंत होता, धडधाकट होता, उपदेशकाला हवे तेव्हा बोलावत होता, आणि तरीही त्याची संधी गेली होती. आज मला मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या जाण्याविषयी बोलायचे आहे, कारण त्याला आवाज नसतो आणि ज्याचे जाते त्याला ते कळतही नाही.

हे कसे घडते ते जवळून पाहू. एखाद्याने आपल्या भावाच्या वाट्याची रक्कम कागदपत्रांच्या आडून स्वतःच्या नावे करून घेतली आहे अशी कल्पना करा. पहिल्या आठवड्यात त्याला भावाच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही. प्रार्थनेला बसले की तोच कागद समोर येतो. ही टोचणी म्हणजे देवाची कृपा आहे. परमेश्वर त्याला नावाने हाक मारीत आहे. तो ठरवतो की, परत करायचे, पण मुलीचे लग्न होऊ दे, मग सगळे सांगून टाकू. लग्न होते. तोवर मनाने एक कारण शोधलेले असते, की भावाला तशी गरज नव्हतीच. आणखी काही महिन्यांनी दुसरे कारण मिळते, की आईवडिलांची सेवा मीच केली, तेव्हा तो माझा हक्कच होता. वर्ष उलटते आणि या कारणांचे त्याच्या मनात सत्य झालेले असते. आता तो शांत झोपतो, मंडळीत गीत गातो, पश्चात्तापावरचे प्रवचन ऐकून डोळे पुसतो आणि ते प्रवचन आपल्या भावाला लागू पडते असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. देवाने त्याला सोडले नाही. पण ज्या कानाने ती हाक ऐकायची, तो कान त्याने स्वतःच्या हाताने बंद करीत आणला आहे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात यालाच मन कठीण करणे म्हटले आहे. आज जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर आपली मने कठीण करू नका, हे पंचाण्णवाव्या स्तोत्रातले वचन त्या पत्राचा लेखक पुन्हा पुन्हा उद्धृत करतो, आणि शिवाय सांगतो की, जोपर्यंत आज म्हटलेला काळ आहे तोपर्यंत एकमेकांना प्रतिदिवशी बोध करा, म्हणजे पापाच्या फसवणुकीने तुमच्यातील कोणी कठीण होऊ नये. फसवणूक हा शब्द त्याने जपून वापरला आहे. पाप आपल्याला देवाला नाही म्हणायला सांगत नाही, कारण तसे सांगितले तर आपण दचकू. ते फक्त उद्या म्हणायला सांगते. बेडकांनी सारा मिसर भरून गेला तेव्हा ते कधी दूर व्हावेत हे मोशेने फारोलाच ठरवायला सांगितले, आणि त्या राजाचे उत्तर होते, उद्या. दुसऱ्या दिवशी सुटका झालेली पाहताच त्याने आपले मन पुन्हा कठीण केले.

त्या पत्राच्या लेखकापुढे जो इतिहास आहे तो कादेशचा आहे, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. इस्राएल लोक वचनदत्त देशाच्या सीमेवर पोहोचले होते. बारा हेर ४० दिवस देश पाहून आले. दोघांनी खांद्यावर काठी घेऊन द्राक्षांचा घड आणला होता. तरी दहा जणांचे भय ऐकून लोकांनी रात्रभर आक्रोश केला, मिसरात परत जाण्याची भाषा केली आणि यहोशवा व कालेब यांना दगडमार करायला ते उठले. मोशेने मध्यस्थी केली. त्यावर देवाने दिलेले उत्तर गणनेच्या चौदाव्या अध्यायात आहे: त्याने क्षमा केली. त्या राष्ट्राचा नाश झाला नाही. परंतु ही पिढी त्या देशात पाऊल टाकणार नाही, ४० दिवसांबद्दल ४० वर्षे रानात भटकेल, असेही त्याच उत्तरात आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच लोक उठले. आम्ही पाप केले आहे, परमेश्वराने सांगितलेल्या स्थळी आम्ही आता वर जातो, असे ते म्हणाले. कालच्या आज्ञेचे पालन करायला ते आज तयार होते. मोशेने त्यांना अडवले, तरी ते डोंगरमाथ्यावर चढले. देवाच्या उपस्थितीची खूण असलेला कराराचा कोश आणि मोशे मात्र छावणीतून हलले नाहीत. अमालेकी व कनानी खाली उतरले आणि हर्मापर्यंत त्यांचा मोड करीत गेले.

पश्चात्ताप आणि क्षमा यांविषयी बोलताना आपण हा भाग वगळतो, कारण तो आपल्याला कठोर वाटतो. क्षमा मिळते, हे अक्षरशः खरे आहे. पण जे एका विशिष्ट दिवशी मागितले गेले होते ते दुसऱ्या दिवशी मागितले जाईलच, असे वचन देवाने कोठेही दिलेले नाही. ज्या मुलाशी समेट करायला तुम्ही २० वर्षे उशीर केला, त्या मुलाचे बालपण क्षमेने परत येत नाही. म्हणून उशिरा केलेला पश्चात्ताप व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे देवाच्या दयेचा अपमान होईल. उशिराची किंमत असते आणि ती आपण एकटे भरत नाही, एवढे मात्र मला आवर्जून सांगितले पाहिजे. कादेशच्या मोठ्यांचा भार त्यांच्या लेकरांनी ४० वर्षे रानात वाहिला.

कोणी विचारील, इतके दिवस काही झाले नाही, मग आज कसली घाई? उपदेशकाच्या पुस्तकात हा प्रश्न फार पूर्वीच ओळखलेला आहे: दुष्कृत्याबद्दलची शिक्षा लगेच अमलात येत नाही म्हणून मनुष्याचे मन दुष्कर्म करायला धजावते. पेत्र मात्र त्याच विलंबाचा अगदी वेगळा अर्थ सांगतो. प्रभू उशीर करीत नाही, तो धीर धरतो, कारण कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही, तर सर्वांनी पश्चात्ताप करावा अशी आहे. प्रभू येशूच्या दृष्टांतात द्राक्षमळ्यातल्या अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ आले नाही, तेव्हा मालक ते तोडायला सांगतो आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. ते वर्ष रिकामे जाऊ देण्याचा त्याचा विचार नव्हता. तो सभोवती खणणार होता, खत घालणार होता. तुमच्या आयुष्यात सध्या काही खणले जात असेल, जुन्या गोष्टी वर येत असतील, स्थिर वाटणारे काही हलत असेल, तर त्याकडे देवाचा कोप म्हणून पाहण्याआधी मागून घेतलेल्या त्या वर्षाचे काम म्हणूनही पाहा. आणि हेही विसरू नका की माळ्याने एकच वर्ष मागितले होते.

वधस्तंभावरच्या चोराचा दाखला नेहमी दिला जातो. तो शेवटच्या घटकेला वळला आणि त्याच दिवशी सुखलोकात गेला, हे मी आनंदाने सांगतो, विशेषतः मरणशय्येवरील माणसाला. पण या चोराने हाक ऐकून ती उद्यावर ढकलली होती, असे शास्त्रात कुठे आहे? आपल्याला ठाऊक असलेल्या त्याच्या पहिल्याच संधीला त्याने उत्तर दिले. प्रभूच्या दुसऱ्या बाजूलाही एक चोर होता, तितक्याच अंतरावर, तितक्याच वेदनेत, आणि तो निंदा करीतच राहिला. मृत्यू जवळ आला म्हणजे मन आपोआप मऊ होते, या समजुतीवर कोणी आपला आत्मा सोपवू नये.

तर मग हाकेला उत्तर देणे म्हणजे काय? केवळ भय पुरत नाही, ते फेलिक्सपाशीही होते. केवळ शब्दही पुरत नाहीत. मी पाप केले आहे, असे शौल राजा शमुवेल संदेष्ट्याला म्हणाला होता. पण लगेच त्याने विनंती केली की लोकांच्या वडील जनांसमोर माझा मान राख. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचे पाप दाखवून, तो मनुष्य तूच आहेस, असे सांगितले तेव्हा दावीदही हेच बोलला. त्याने पुढे मात्र कसलीही अट घातली नाही. राजाला शोभेल असे कारण त्याच्यापाशी नसेल असे नाही. ते त्याने तोंडावर आणले नाही. बत्तिसाव्या स्तोत्रात तो लिहितो की, मी गप्प राहिलो तेव्हा सतत कण्हण्यामुळे माझी हाडे जीर्ण झाली. जे गप्प राहण्यात इतके जड झाले होते, ते बोलून टाकण्याला एक वाक्य पुरले.

येशूला पाहण्यासाठी झाडावर चढलेल्या, यरीहोतल्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर जेवणाचे ताट येईपर्यंतही वाट पाहिली असेल असे वाटत नाही. प्रभू त्या नगरातून पुढे यरुशलेमेकडे चालला होता. त्या वाटेने तो पुन्हा गेल्याचे शुभवर्तमानात नाही, कारण वधस्तंभ थोड्याच दिवसांवर आला होता. जक्कयाला हे ठाऊक नव्हते. त्वरा करून खाली ये, असे त्याने ऐकले आणि तो त्वरेने खाली आला. मग उभा राहून त्याने अर्धे द्रव्य दरिद्र्यांना देऊ केले आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. रक्कम ठरवून, लोकांसमक्ष, त्याच दिवशी. आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे, असे प्रभू म्हणाला ते यानंतर.

माझ्यासमोर असेही कोणी बसले असतील ज्यांना वाटते की, आमची वेळ कधीच टळून गेली, वर्षानुवर्षे आम्ही नाही म्हणत आलो, आता त्याची वाणी आमच्यासाठी नाही. त्यांना मी विचारतो, तुम्हाला हे दुःख आज कोण देत आहे? ज्याचे मन पूर्ण कठीण झाले त्याला आपल्या कठीणपणाचे वाईट वाटत नाही. निनवेकरांना योना संदेष्ट्याने ४० दिवसांनी होणारा नाश सांगितला, त्यात दयेचा एक शब्दही नव्हता. तरीही देव वळेल की नाही कोणास ठाऊक, एवढ्याच आशेवर ते नगर राजापासून रंकापर्यंत गोणताट नेसून बसले आणि देवाने त्यांना वाचवले. तुमच्यापाशी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही, हे ख्रिस्ताचे स्वतःचे वचन आहे.

आता आपण प्रार्थना करू. प्रार्थनेनंतर ज्यांना घरी जायचे आहे त्यांनी जावे, पण ज्यांना एखादे पाप नाव घेऊन कबूल करायचे आहे त्यांनी थांबावे. मी आणि मंडळीचे दोन वडील येथेच आहोत आणि जे सांगाल ते आमच्यापाशीच राहील. ज्यांना आमच्याशी नव्हे, तर आपल्या भावाशी, पत्नीशी किंवा मालकाशी बोलायचे आहे, त्यांनी मात्र आमच्यासाठी थांबू नये. सरळ त्यांच्याकडे जावे.