बाळाचं वजन विचारणारा संगणक

श्रोतेहो, नमस्कार.

गेली २८ वर्षं मी गोव्यात, डिचोलीत मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. मये, साखळी, वाळपई, कुठूनही बाळ घेऊन आलेली आई खुर्चीत बसायच्या आधी पिशवीतून एक कार्ड काढते. पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं असतं. त्यावर लसींच्या तारखा, वजनाची चढती रेघ, कुणा परिचारिकेचं घाईतलं अक्षर. ते कार्ड आता हळूहळू संगणकात चाललं आहे. आभा या सरकारी आरोग्य-ओळखपत्राचा १४ आकडी क्रमांक, लसींच्या नोंदीसाठी यू-विन ही सरकारी प्रणाली. मला हे मनापासून हवं आहे. कारण रात्री दोन वाजता बाळाला घेऊन बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात धावताना कार्ड घरच्या कपाटातच राहतं.

पण संगणकातली ही नोंदवही बहुतेक वेळा मोठ्या माणसासाठी आखलेली असते आणि मुलाला तिच्यात कसंबसं कोंबलं जातं.

एकदा एका इस्पितळात मी अकरा महिन्यांचं बाळ तपासत होते. पडद्यावर वजन आधीच भरलेलं होतं, ५.८ किलो. उचललं तर हाताला पटेना. काट्यावर ठेवलं, ८ किलो भरलं. तो आकडा बाळ तीन महिन्यांचं असतानाचा, प्रत्येक भेटीत आपोआप पुढे आलेला. त्यावर अँटिबायोटिकचा डोस काढला असता तर तो अपुरा पडला असता. तुमचं-माझं वजन आठ महिन्यांत कितीसं बदलतं? बाळ मात्र पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. म्हणून मुलाच्या नोंदीत वजनाशेजारी तारीख हवीच. वजन जुनं असेल तर संगणकानं अडून बसावं, ‘आधी काट्यावर ठेवा’ म्हणावं.

नुसतं वजनही पुरत नाही. तापाचं पॅरासिटामॉल घ्या. साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या बाळाला १२०. एका सिरपमध्ये हे पाच मिलिलिटरमध्ये मिळतं, दुसऱ्या जास्त ताकदीच्या सिरपमध्ये २.४ मिलिलिटरमध्ये आणि थेंबांच्या बाटलीत अवघ्या १.२ मध्ये. चिठ्ठीवर फक्त ‘पाच मिलि’ छापलं आणि घरी थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात चौपटीहून जास्त औषध जातं. चिठ्ठीवर बाटलीची ताकद आणि मिलिलिटर दोन्ही आले पाहिजेत, तेही आईला वाचता येतील अशा भाषेत.

वयाचंही तसंच. मोठ्यांना वर्षं पुरतात, नवजात बाळाचं वय तासांत मोजावं लागतं. कावीळ किती चढली तर काळजी, हे बाळ २४ तासांचं की ७२ तासांचं यावर ठरतं. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की त्याची वाढ चार महिन्यांच्या बाळाशी ताडून बघायची. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. एकाच मुलाची ही दोन वयं नोंदवहीला सांभाळता आली पाहिजेत. नाहीतर धडधाकट बाळाला ‘मागे पडलं’ असा शिक्का बसतो आणि ती आई महिनोन्‌महिने झोपत नाही.

नवजात बाळाच्या नाडीचे मिनिटाला १४० ठोके अगदी योग्य असतात, पण मोठ्यांच्या मापावर चालणारा संगणक तिथे लाल खूण करतो. अशा खोट्या खुणा पाहून डोळे सरावतात आणि मग खरी खूणही नजरेतून सुटते.

आणि नाव! आपल्याकडे बारसं होईपर्यंत बाळाला नाव नसतं. इस्पितळात ते ‘बेबी ऑफ’ अमुक, आणि एकाच आडनावाच्या दोन बाळंतिणी शेजारी असल्या की काळजाचा ठोका चुकतो. अमेरिकेत तात्पुरत्या नावातच आईचं पहिलं नाव गुंफून पाहिलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भलत्याच बाळाच्या नावे संगणकात पडणाऱ्या औषध-तपासण्यांच्या ऑर्डरी ३६ टक्क्यांनी कमी झाल्या. यंत्र नवं घेतलं नाही, फक्त नाव लिहायची पद्धत बदलली. पुढे बारसं झालं की तीच नोंद नव्या नावानं चालू राहावी, दुसरी उघडू नये. नाहीतर जन्मावेळच्या लसी एका नावावर आणि दीड महिन्याच्या दुसऱ्या.

ही प्रणाली बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे, लसीकरणाच्या दिवशी एक सकाळ आरोग्य केंद्राच्या बाकावर येऊन बसा. परिचारिकेच्या एका हातात रडणारं मूल असतं. दुसऱ्या हातानं तिला किती रकाने भरता येतील, ते तिथेच मोजा.

आणि आयांनो, बाबांनो, आज्यांनो, तोवर ते प्लॅस्टिकमधलं कार्ड टाकू नका. औषध लिहून घेताना डॉक्टरांना विचारा, ‘आज वजन केलंत का?’ मला विचारलंत तरी मी रागावणार नाही. काटा माझ्या टेबलाशेजारीच आहे.

नमस्कार.