बंद करण्याआधीची पंधरा मिनिटं

[दृश्य : कामाचं टेबल. आउटबोर्ड इंजिनाचा कार्ब्युरेटर. मिस्त्रींचे हात.]

हा आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावायच्या इंजिनाचा, कार्ब्युरेटर; हवा आणि पेट्रोल इथे मिसळतात. बोट महिनोनमहिने उभी ठेवण्याआधी पेट्रोलची काळजी का आणि कशी घ्यायची, ते आज बघू. चार स्क्रू काढले की खालची वाटी सुटी होते. इंजिन चालू असतं तेव्हा या वाटीत पेट्रोल येत राहतं आणि जळत राहतं, शिळं व्हायला त्याला वेळच मिळत नाही. हे इंजिन मात्र हंगाम संपल्यावर बंद केलं आणि तसंच उभं ठेवलं. वाटीत पेट्रोल थोडंसंच राहिलं होतं. त्यातलं उडून जाण्यासारखं होतं ते उडून गेलं. बाकीचं तुमच्या समोर आहे.

[दृश्य : तपकिरी थर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडला जातो. इथे निवेदन नाही.]

हा पितळी तुकडा म्हणजे जेट. कमी वेगावर इंजिनाला लागणारं पेट्रोल याच्या भोकातून जातं आणि ते भोक असतं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. मिस्त्री तो उजेडासमोर धरतात. आरपार दिसायला हवं होतं. तार घालून मोकळं करायचा मोह कुणालाही होईल, पण पितळ मऊ असतं. भोक जरासं जरी मोठं झालं तरी हवा-पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. म्हणून तुकडा क्लीनरमध्ये भिजत घालायचा, हवा मारायची, पुन्हा उजेडासमोर धरायचा. नाही सुटलं, की पुन्हा भिजत.

असं इंजिन एक तर सुरू होत नाही, नाहीतर सुरू होऊन भर पाण्यात बंद पडतं.

[दृश्य : रिफायनरीची जुनी छायाचित्रं.]

हा थर कुठून आला, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. कच्च्या तेलातून सरळ ऊर्ध्वपातनाने निघणारं पेट्रोल मोटारगाड्यांना पुरेना, तेव्हा जड तेल दाबाखाली तापवून त्याचे मोठे रेणू तोडायची युक्ती निघाली. तिचं पेटंट विल्यम बर्टन यांना १९१३ साली मिळालं. पेट्रोल वाढलं, पण त्यात ऑलेफिन नावाचे रेणूही भरपूर आले. या रेणूंमध्ये कार्बनचा एक जोड दुहेरी असतो आणि ऑक्सिजनचं लक्ष नेमकं तिथेच असतं. आधी पेरॉक्साइड तयार होतात, मग रेणू एकमेकांना चिकटत लांबलचक साखळ्या होतात, आणि शेवटी वाटीच्या तळाशी बसतो तो हा डिंकासारखा थर.

रिफायनरीवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून पेट्रोलात ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्यं तिथेच घातली जातात. पेट्रोलची तग धरण्याची ताकद मोजायची चाचणीही आहे. पोलादी भांड्यात पेट्रोल घ्यायचं, वातावरणाच्या सुमारे सातपट दाबाने ऑक्सिजन भरायचा, भांडं १०० अंश सेल्सिअसवर ठेवायचं आणि पेट्रोल ऑक्सिजन गिळायला कधी लागतं ते बघायचं. युरोपीय मानक निदान ३६० मिनिटं मागतं. अमेरिकी मानक २४० मिनिटांवर समाधान मानतं.

पण ही द्रव्यं ऑक्सिजनला अडवता अडवता स्वतः खर्च होतात. गाडीला त्याची फिकीर नसते, तिची टाकी आठवड्या-पंधरवड्यात रिकामी होते. बोट सहा-सहा महिने उभी. शिवाय बऱ्याच बोटींच्या टाकीची हवेची नळी थेट बाहेर उघडते. दिवसा टाकी तापली की वाफ बाहेर, रात्री निवली की दमट हवा आत. रोज.

[दृश्य : उघड्यावर मांडलेलं टेबल, काचेची मोजपट्टी असलेली नळी. निळा रंग घातलेलं पाणी.]

आता हा प्रयोग नीट बघा. नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल आहे, १० टक्के इथेनॉल मिसळलेलं. त्यात १० मिलिलिटर निळं पाणी घातलं. पाणी तळाशी गेलं. रेघ दहावर. आता बूच लावून हलवायचं आणि थांबायचं.

[दृश्य : नळी स्थिर. रेघेवर कॅमेरा.]

रेघ वर सरकली आहे. दहाच्या जागी वीसच्या जवळ. जास्तीचं जे दिसतंय ते पेट्रोलमधलं इथेनॉल. पेट्रोल सोडून ते पाण्याकडे गेलं.

टाकीत एवढं पाणी कशाला येईल, असं वाटेल. इतकं लागतही नाही. साधारण १५ अंश तापमानाला १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल लिटरमागे पाचेक मिलिलिटर पाणी गुमान पोटात ठेवतं. त्याच्या वर गेलं की दोन थर. गारठा वाढला की ही मर्यादाही खाली येते, म्हणजे संध्याकाळी एकजीव असलेलं पेट्रोल पहाटे फाटलेलं असू शकतं. आणि हे पाणी दमट हवेतूनच येतं असं नाही. पुष्कळदा ते डेकवरच्या झाकणाच्या चिरलेल्या रबरी कड्यातून आत उतरतं. काही रुपड्यांचं ते कडं बदलायला कुणाला आठवत नाही.

थर झाले की वरच्या पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची ताकद, घसरतं, कारण १० टक्के इथेनॉलच त्याला दोन-तीन अंकांनी उचलून धरत होतं. खालचा थर त्याहून वाईट. इंजिनाला पेट्रोल देणारी नळी टाकीच्या तळापर्यंत गेलेली असते, त्यामुळे पहिला घोट तोच. बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांत वंगणाचं तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं आणि ते तेल वरच्या थरात राहतं. खालून जे जातं त्यात वंगण नाही.

[दृश्य : वंगणाविना चाललेल्या इंजिनाचे पिस्टन.]

[दृश्य : फाटलेल्या पेट्रोलच्या नळीत स्टॅबिलायझरचे थेंब.]

याच नळीत आता स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून त्यात घालायचं द्रावण, घालून बघू. प्रमाणाच्या दुप्पट घातलाय. हलवा, थांबा.

रेघ जिथल्या तिथे. फाटलेलं पेट्रोल पुन्हा एकजीव करणारी बाटली बाजारात नाही, लेबलावर काहीही छापलेलं असो. 'पाणी नाहीसं करतं' असं लिहिणाऱ्या बाटल्या चमचाभर पाणी पेट्रोलात विरघळवून जाळायला मदत करतील. टाकीच्या तळाशी पेलाभर पाणी साचलं असेल तर ते उपसूनच काढावं लागतं.

मग स्टॅबिलायझरचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मोठा आहे, फक्त वेळेवर घातला तर. रिफायनरीत घातलेली जी द्रव्यं खर्च होत चालली आहेत, त्यांची तो भर घालतो. त्यात आणखीही काही असतं : तांब्या-पितळेच्या भागांमुळे ऑक्सिडेशनला जो वेग येतो तो रोखणारं द्रव्य, धातूवर पातळ थर धरून गंज अडवणारं द्रव्य, कधी थोडा डिटर्जंट. हे सगळं ताज्या पेट्रोलसाठी. दोन महिन्यांच्या शिळ्या पेट्रोलात घातलं तर उरलेलं तेवढं सांभाळेल, गेलेलं परत आणणार नाही.

[दृश्य : बोट ट्रेलरवर. टाकीचं झाकण उघडलं जातं. मोजपात्र.]

आता मुख्य काम. घाई इथेच होते, म्हणून आपण सावकाश बघू.

आधी स्टॅबिलायझर, मग पेट्रोल. वरून पेट्रोल पडताना ते आपोआप घुसळलं जातं. हिशोब पूर्ण टाकीचा करायचा, आज भरलेल्या पेट्रोलचा नाही. या टाकीत भरल्यावर ४० लिटर होतील आणि या बाटलीचं प्रमाण लिटरला ३ मिलिलिटर आहे, म्हणजे १२० मिलिलिटर. दुसऱ्या कंपनीचं द्रावण जास्त तीव्र असेल तर लिटरला एक मिलिलिटरही पुरतं, म्हणून अंदाजपंचे ओतू नका. आणि बाटली उघडून दोन वर्षं झाली असतील तर ती नवीन आणा.

टाकी जवळजवळ भरायची, म्हणजे वर हवेला जागा कमी. पण काठोकाठ नाही. तापमान २० अंशांनी चढलं तर ४० लिटर पेट्रोल पाऊण लिटरने फुगतं, आणि ते पाऊण लिटर हवेच्या नळीतून बाहेर पाण्यात जातं.

[दृश्य : पाणी वेगळं करणारा फिल्टर. जुना काढून नवा बसवतात.]

हा फिल्टर १० मायक्रॉनचा. नवा बसवताना मिस्त्री त्यात स्टॅबिलायझर मिसळलेलं पेट्रोल आधीच भरून घेतात. कारण पुढच्या दृश्यात कळेल.

[दृश्य : इंजिनाच्या पाणी ओढायच्या जाळीवर रबरी कप, पाण्याची नळी. इंजिन सुरू.]

थंड करणारं पाणी चालू केल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही; कोरड्यावर पाण्याच्या पंपाचं रबरी चाक बघता बघता जातं. आता इंजिन मंद वेगावर चालू ठेवायचं. पुस्तिकांमध्ये दहा-पंधरा मिनिटं लिहिलेलं असतं. टाकीत औषध घातलं आणि इंजिन सुरूच केलं नाही, हे तर फार जण करतात. मग टाकी सुरक्षित आणि कार्ब्युरेटर वाऱ्यावर.

पण पंधरा मिनिटंही पुरतातच असं नाही. टाकीपासून इंजिनापर्यंत ३ मीटर नळी आहे, आतला व्यास ८ मिलिमीटर. तिच्यात दीडशे मिलिलिटर जुनं पेट्रोल मावतं. फिल्टरचा डबा धरला तर त्याहून जास्त. लहान इंजिन मंद वेगावर पाव तासात तेवढं पितंच असं नाही. म्हणून फिल्टर आधी भरला, आणि म्हणून मिस्त्री घड्याळाकडे न बघता हिशोबाकडे बघतात.

[दृश्य : हवेच्या तोंडातून फॉगिंग तेलाचा फवारा. पांढरा धूर. इंजिन थांबतं.]

कार्ब्युरेटरच्या इंजिनात शेवटी हा फवारा. धुरासकट इंजिन गुदमरून थांबतं आणि सिलिंडरच्या भिंतींवर गंज अडवणारा तेलाचा थर राहतो. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या, इंजिनात मात्र कंपनीची पुस्तिका सांगेल तसंच, बहुधा प्लगच्या भोकांतून.

पुढचा प्रश्न मेकॅनिक मंडळींत वादाचा आहे : कार्ब्युरेटर भरलेला ठेवायचा की रिकामा? लहान आउटबोर्डला वेगळी डबा-टाकी असेल, तर आमचं मत असं की मिसळलेलं पेट्रोल आधी फिरवायचं आणि मग वाटीचा खालचा स्क्रू सोडून ती निथळायची. नुसती पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू दिलं तर तळाशी थोडं राहतंच, आणि थोडंच सगळ्यात आधी आटतं. इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोकमध्ये व्हेपर सेपरेटर नावाची छोटी टाकी इंजिनाच्या आत दडलेली असते. ती सहज निथळता येत नाही. तिथे मिसळलेलं पेट्रोल पोहोचवणं हाच उपाय.

पेट्रोल आधीच आंबूस, वॉर्निशसारखा वास मारत असेल तर ते उपसून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचं. पाण्यात नाही, मातीत नाही.

[दृश्य : डिझेल इंजिनाचा फिल्टर. काळा, बुळबुळीत.]

डिझेलची गोष्ट वेगळी आहे. त्यात इथेनॉल नसतं, पण तळाशी पाणी साचलं की डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिनी ही त्यातली कुप्रसिद्ध बुरशी. तिला स्टॅबिलायझर मारत नाही, त्यासाठी बायोसाइड, म्हणजे बुरशी-जिवाणू मारणारं द्रव्य, वेगळं घ्यावं लागतं. ते विषारी असतं, म्हणून हातमोजे. आणि घालण्याआधी तळाचं पाणी काढायचं, नाहीतर बुरशीचं घर तसंच राहतं. मेलेले पापुद्रे सुटून सगळे फिल्टरमध्येच येतात, तेव्हा बायोसाइड घातल्यानंतरच्या पहिल्या फेरीला दोन-तीन जादा फिल्टर आणि ते बदलायचा पाना बोटीवर असू द्या.