दादरला उतरू नका

नमस्कार श्रोतेहो. मुंबईहून क्रूझनं गोव्याला जायचं ठरलं की पुण्या-नाशिकची मंडळी बॅलार्ड पिअरला पोचायला बहुधा रेल्वेच धरतात. चांगलंच करतात. घाटात ट्रॅफिक जॅम झाला म्हणून बोट कुणासाठी खोळंबत नाही. फक्त एक सांगतो, ते लक्षात ठेवा. सीएसएमटीपर्यंत बसून राहा. दादरला उतरू नका.

का, ते ऐका. तीन वर्षांपूर्वी मी, माझी बायको, मुलगी आणि आमची आत्या असे चौघं डेक्कन क्वीननं निघालो. आत्याचं वय 74. सामान सात नग. कुणीतरी सांगितलं होतं, दादरला टॅक्सी पटकन मिळते. मी ते मनावर घेतलं.

दादरला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. दारात उतरणाऱ्यांची रेटारेटी. मी वरच्या फळीवरून बॅगा काढतोय, बायको दारापर्यंत नेतेय, मुलगी खाली उतरून घेतेय. शेवटी मी उतरलो आणि गाडी हलली. तेवढ्यात आत्याचा आवाज आला, "सहा."

आत्याचं बालपण हर्णैचं. तिच्या लहानपणी मुंबईची बोट हर्णैला धक्क्याला लागत नसे, लांब पाण्यात उभी राहायची. मचव्यातून तिथपर्यंत जायचं, आणि पत्र्याची पेटी, वळकटी, आंब्याची करंडी हातोहात वर चढवायची. तिची आई मचव्यात उभी राहून एकेक नग मोठ्यानं मोजायची. तीच सवय आत्याला. कुठेही उतरलो की ती आधी सामान मोजते.

"अरे, सहाच आहेत. माझी चॉकलेटी पिशवी राहिली."

त्या पिशवीत तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आधार कार्ड आणि चष्म्याचं घर होतं. आधार कार्डाशिवाय बोटीवर घेणार नव्हते. माझ्या पोटात गोळा आला. बायकोला म्हटलं, तुम्ही टॅक्सी करून या, आणि मी समोर आलेली फास्ट लोकल पकडली. भायखळा गेलं, तरी माझं लक्ष फक्त घड्याळाकडे.

सीएसएमटीला धावत फलाटावर गेलो. गाडी रिकामी. झाडूवाले आत चढत होते. आणि आमच्या डब्यासमोर, बाकावर, एक बाई चॉकलेटी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आमच्या पलीकडच्या सीटवर होत्या त्या. रोजच्या पासवाल्या, खांद्याला ऑफिसची पर्स, हातात डबा. मला बघितलं आणि उठल्या. म्हणाल्या, "लोणावळ्याला आजींनी यातूनच गोळी काढून घेतली होती. म्हटलं, कुणीतरी येईलच."

त्यांना कामावर उशीर झाला होता. मी आभार मानायला तोंड उघडेपर्यंत त्या निघाल्यासुद्धा. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, ही रुखरुख मला आजही आहे. ताई, तुम्ही हे ऐकत असाल तर मनापासून नमस्कार.

तर मंडळी, सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन. गाडी पुढे जातच नाही. सगळे उतरू द्या, मग सावकाश सामान काढा. जिना चढायचा नाही. फलाटांच्या टोकाशी येऊन 18 नंबरच्या बाजूनं पी. डिमेलो रस्त्यावर निघा. बॅलार्ड पिअर तिथून दीड-दोन किलोमीटरवर. हमाल केलात तर आधी दर ठरवा, पण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. डोक्यावर तीस किलो घेऊन चालणाऱ्या माणसाशी घासाघीस करणं मला पटत नाही.

खरं तर पूर्वी एवढाही व्याप नव्हता. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यालाच मोल नावाचं स्टेशन होतं, आणि विलायतेच्या बोटीतून उतरलेला माणूस तिथूनच पंजाब मेलनं थेट पेशावरपर्यंत जायचा. ते रूळ पुन्हा जोडायला हवेत, असं मी कधीपासून म्हणतोय.

सामानाचं म्हणाल, तर दुसऱ्या वर्गात माणशी 35 किलो मोफत आहे. पण आपल्या हातांना पेलेल तेवढंच घ्या. इस्त्री आणि पाण्याची किटली घरीच ठेवा, बोटीवर काढून घेतात. धक्क्यावर मोठ्या बॅगा केबिनचा नंबर लावून ताब्यात घेतात, आणि त्या खोलीपर्यंत यायला काही तास लागतात. म्हणून गोळ्या, आधार कार्ड, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत. पुन्हा सांगतो, गोळ्या आणि आधार कार्ड खांद्यावर. फळीवर नाही.

त्या संध्याकाळी बोट सुटली. सगळे वर डेकवर गेले. आत्या मात्र केबिनच्या दारात खुर्ची टाकून बसली, चॉकलेटी पिशवी मांडीवर. एकेक बॅग येत होती, ती मोजत होती. शेवटची बॅग आली तेव्हा पावणेनऊ वाजले होते. आत्या "सात" म्हणाली, आणि मग जेवायला उठली.